कुंपणाबाहेरचे आईबाबा

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडच्या 'अनहाफब्रिकिंग' या रेकॉर्डवरचं सँडी डेनीचं 'हू नोज व्हेअर द टाइम गोज' लागलं की हल्ली माझा कान आधी ड्रम्सकडे जातो. मार्टिन लॅम्बल इतक्या हलक्या हाताने वाजवतो, की वाजवतोय की नुसता सोबतीला बसलाय, कळू नये. रिचर्ड थॉम्पसनची गिटारही तशीच मितभाषी. १९६९ च्या मे महिन्यात कार्यक्रम आटोपून बर्मिंगहॅमहून परतताना बँडच्या गाडीला अपघात झाला आणि लॅम्बल गेला. वय १९. रेकॉर्ड त्यानंतर बाजारात आली.

तिच्या मुखपृष्ठावर ना बँडचं नाव, ना रेकॉर्डचं. विम्बल्डनमधल्या एका घराच्या कुंपणाबाहेर प्रौढ जोडपं उभं आहे. सँडीचे आईवडील. नीटनेटके, जरा अवघडलेले, पाहुण्यांना निरोप द्यायला फाटकापर्यंत आल्यासारखे. मागे कुंपणाच्या जाळीतून बागेतली पोरं दिसतात, तोच बँड. आणि त्यांच्याही मागे चर्चचा सुळका. ज्या काळात तरुणांचं सगळं संगीत आईबापांपासून पळ काढत होतं, त्या काळात त्यांनाच पुढे उभं करून आपण जाळीआड राहायचं! स्टेजवर गिटारी फोडण्यापेक्षा मला ही जास्त बंडखोरी वाटते. १९७८ साली, एकतिसाव्या वर्षी सँडी गेली. आईवडील मागे राहिले. हे ठाऊक झाल्यापासून त्या दोघांच्या चेहऱ्यांवर मी नको नको ते वाचत बसते. ते बिचारे फक्त कॅमेऱ्याकडे बघतायत.

हे गाणं 'अनहाफब्रिकिंग'च्या आधीच, १९६८ मध्ये, जूडी कॉलिन्सने गायलं होतं. तिच्या रेकॉर्डचं नावही तेच. सुरेल आहे, पण मला जरा जास्तच स्वच्छ वाटतं. नीना सिमोनची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कच्या मैफलीत ती आधी श्रोत्यांशी काळाबद्दल बोलते, मग अशी संथ गाते की प्रश्नाचा जाब होतो. अंगावर काटा येतो, कबूल. पण गाण्यातले पक्षी उडून जातात, मित्र पांगतात, तरी गाणारीला धास्ती नाही. विशीच्या उंबरठ्यावर हे लिहिणाऱ्या सँडीच्या आवाजात ती खरोखरच नाही. पुढचे बहुतेक जण हे गाणं उदास करून गातात, ते मला पटत नाही.

अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीला ते आईबाबा मात्र काही रुचले नसावेत. तिथल्या मुखपृष्ठावर कंपनीने सर्कशीतले हत्ती छापले.