बारा बंद

सोलापूरला संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारे भक्त अजूनही पांढरी बाराबंदी घालतात. माझे आजोबाही घालायचे. यात्रा जवळ आली की आजी ती ट्रंकेतून काढून उन्हात टाकायची आणि एकेक बंद ओढून बघायची. जो हातात आला, तो नवा शिवायचा. कापडाची अरुंद पट्टी घ्यायची, दोन्ही कडा आत घेऊन पुन्हा मधोमध दुमडायची आणि कडेनं बारीक टाके घालायचे. शिवणातलं मला मिळालेलं पहिलं काम हेच. घरात मशीन होतं, पण बंद हातानंच शिवायचा. मशीनच्या टिपेनं तो ताठरतो, गाठ धरत नाही, असं तिचं म्हणणं.

लग्नानंतर मी बदलापूरला आले, पश्चिमेला मांजर्लीत. मुलगा शाळेत जायला लागला आणि पहिल्याच गॅदरिंगला मावळा झाला. भाड्यानं आणलेला पोशाख सॅटिनचा, गळ्याला चमकीची पट्टी आणि पाठीला चेन. मावळ्याच्या पाठीला चेन! चेन सोडाच, शिवणयंत्रही एकोणिसाव्या शतकातलं. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर जमलेल्या प्रत्येकाच्या अंगावरचा टाका न् टाका कुणीतरी हातानं घातलेला होता. त्या गॅदरिंगपासून आमच्या घरात बाराबंद्या, अंगरखे आणि जामे शिवले जाताहेत. आधी मुलाचे, मग इमारतीतल्या पोरांचे, आता शाळांचेही.

कापड उल्हासनगरहून आणते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं हे गाव. तिथल्या बाजारात मिळत नाही असं कापड नाही, फक्त साधं सुती मागितलं की दुकानदार जरा हिरमुसतो. मला मांजरपाट लागतो. मांजर्लीत राहून मांजरपाट शिवते, हा आमच्या डब्यातला जुना विनोद आहे. डबा म्हणजे सकाळच्या लोकलचा लेडीज डबा. तिथे कुणी मटार सोलतं, कुणी मेथी निवडतं, मी बंद शिवते. अंबरनाथ येईतो एक पुरा होतो. कधी शेजारची म्हणते, "दे गं एक, बसल्याबसल्या करते." तिचे टाके लांब पडतात. तेही चालतात. जुन्या कपड्यांत तरी सगळे टाके कुठे सारखे असतात?

अंगरख्याची रचनाच हुशार आहे. बगलेत एक चौकोनी तुकडा घातला की हात सरळ वर जातो, तलवार उगारली तरी कमरेचं कापड ओढलं जात नाही. कळ्या जोडल्या की घेर येतो. आणि बटणाला एकच जागा असते, बंदाला तसं नाही. अंग भरलं की गाठ सैल बांधायची, एवढंच. त्यामुळे थोरल्याचा अंगरखा धाकट्याला आणि धाकट्याचा शेजाऱ्याच्या पोराला होतो. बंद कुठल्या बाजूला यालाही अर्थ होता. मोगल काळात हिंदूंचा जामा डाव्या बगलेखाली आणि मुसलमानांचा उजव्या बगलेखाली बांधायचा संकेत होता, असं वेशभूषेचे अभ्यासक सांगतात. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये महाराजांचं सुमारे १६८० मधलं चित्र आहे. त्याच्या छापील प्रतीवर भिंग धरून मी बऱ्याच संध्याकाळी घालवल्या आहेत.

आता गिऱ्हाईक चित्र दाखवत नाही, सिनेमा दाखवतं. २०२५ मध्ये 'छावा' आला आणि सगळ्यांना मोबाइलवरच्या फोटोसारखाच अंगरखा हवा झाला, जरीसकट. सिनेमातल्या कपड्यांवर माझा राग नाही. मोठ्या पडद्याचा हिशेब वेगळा असतो. पण आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं, ते 'गांधी'साठी, आणि त्या सिनेमात आपल्या डोळ्यांत राहते ती साधी खादीच. हे मी जरी मागणाऱ्या प्रत्येक आईला ऐकवते. ती ऐकून घेते आणि विचारते, "बरं ताई, बंदांऐवजी वेल्क्रो लावाल का?"

तिचंही चुकत नाही. विंगेत एक बाई आणि भोवती वर्गभर पोरं, कुणाकुणाचे बंद बांधणार? तरी वेल्क्रो मी लावत नाही. अफझलखानाच्या वधाचा प्रसंग असेल तर तो फर्रकन आवाज प्रेक्षागृहभर ऐकू जातो. मी पोरांनाच बांधायला शिकवते. आधी आतला बंद, मग बाहेरचा, सुरगाठ, टोकं लोंबती. मग ओळीत उभं राहून पुढच्याचे मागच्यानं बांधायचे. गेल्या गॅदरिंगला खान अगदीच गुबगुबीत होता, स्वतःच्या बगलेखाली त्याचा हात पोचेना. शेवटी महाराजांनीच त्याला बांधून दिलं, आणि न सांगता उजवीकडे.