अल्टरनेटर बदलण्याआधी

जुन्या डिझेल जीपचा एक मोठा गुणच कधीकधी तिच्या मुळावर येतो. एमएम ५४०, कमांडर, सुरुवातीच्या बोलेरो, या गाड्यांची इंजिनं एकदा सुरू झाली की जवळपास विजेवाचून चालतात. डिझेल दाबानं पेटतं, पंप यांत्रिक असतो, आणि डिझेल सोडणारा-अडवणारा सोलेनॉइड असेल तर तेवढीच काय ती विजेची गरज. त्यामुळे चार्जिंग बंद पडलं तरी दिवसा गाडी मुकाट कामावर जाते. बिघाड कळतो तो रात्री भर पावसात, हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम लागतात तेव्हा. नाहीतर सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतीच टकटक ऐकू येते तेव्हा. इतक्या उशिरा कळलेल्या दुखण्यावर घाईचा इलाज होतो: आधी बॅटरी बदला, तिनं नाही भागलं तर अल्टरनेटर. माझं ठाम मत असं की दोष पुष्कळदा या दोन महाग वस्तूंत नसतो. तो त्यांना जोडणाऱ्या तारांत आणि अर्थमध्ये असतो. म्हणून मोजल्याशिवाय काहीच बदलू नये.

ही घाई आली कुठून, हे पाहायला थोडं मागं जावं लागतं. जीप आपल्याकडे आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या पाठोपाठ. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. युद्धातल्या विलीजला ६ व्होल्टची बॅटरी आणि डायनामो होता, डॅशबोर्डवर ॲमीटर होता. काटा एका बाजूला कलला की जमा, दुसऱ्या बाजूला कलला की खर्च. आमच्या पिढीनं डायनामो जाऊन अल्टरनेटर आलेला पाहिला, काट्याच्या जागी लाल दिवा आलेला पाहिला; तपासायची रीत मात्र डायनामोच्या काळातलीच राहिली. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल उपटायचं आणि गाडी बंद पडते का ते बघायचं! डिझेल जीपमध्ये ही परीक्षा काहीच सांगत नाही, कारण इंजिन तसंही चालूच राहणार. उलट बॅटरी सुटताक्षणी अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळू शकतो. म्हणजे धडधाकट अल्टरनेटर तपासणीतच जायचा, आणि तो बदलावा लागला की निदान बरोबर होतं असं सगळ्यांना वाटायचं. लाल दिव्याचीही अशीच उपेक्षा होते. पुष्कळ अल्टरनेटरांना सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला की आयडलिंगला चार्जिंग धरतच नाही. इंजिन सुरू करण्याआधी, नुसती चावी फिरवल्यावर तो दिवा लागलाच पाहिजे.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीसारख्या भागात तारांचा मुद्दा जास्तच खरा ठरतो. इथला पाऊस, दमट हवा आणि कारखान्यांचा परिसर तांब्याला मानवत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा अर्थ एका जाड तांब्याच्या वेणीतून चेसिसला जातो. ती वेणी सोडून बघावी. बोल्ट घट्ट असतो, वरून सगळं ठीक दिसतं. लगच्या आत मात्र हिरवट पूड आणि निम्मे तंतू तुटलेले. तिथं ०.०५ ओहमचा अडथळा आला, तरी २० अँपिअर जाताना पूर्ण १ व्होल्ट खाल्ला जातो. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देतो, बॅटरीला पोचतात १३.२. अशी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट चढतं आणि ती मरते. नवी बसवली की तीही त्याच वाटेनं जाते.

मोजणं अवघड नाही. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. मग इंजिन थोडं रेस करून, हेडलाइट लावून, बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला हवेत. कमी आले तर मल्टीमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड तारेच्या स्टडवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरावी, ०.३ च्या वर आकडा आला तर दोष त्या तारेत. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस, इथं ०.२ च्या वर गेलं तर दोष अर्थमध्ये. हे इंजिन चालू ठेवून, लोड देऊनच बघायचं. बंद गाडीत तारेचा एकच तंतू शाबूत असला तरी मीटर बीप देतो.

यावर अनुभवी कारागीर म्हणतील, इतकी वर्षं कानानं आणि हातानं काम केलं, मीटर कशाला? बेअरिंगची घरघर, सैल फॅनबेल्टची किंकाळी त्यांच्या कानाला कळते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण अर्धा व्होल्ट कुठल्याच हाताला लागत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा: गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, रिपेअर केलेला अल्टरनेटर तयार मिळतो. तो बसवल्यावर पहिले काही दिवस सगळं छान चालतंही, कारण बसवताना टर्मिनलं साफ होतात आणि बॅटरी बाहेरून चार्ज केलेली असते. खरा दोष नंतर परत येतो. अल्टरनेटर कधीच बिघडत नाही असं मी म्हणत नाही. कार्बन झिजतात, आणि पुष्कळ डिझेल जीपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. त्याचं सील गळलं की ऑइल आत उतरून कार्बन खराब होतात. अशा वेळी सील न बदलता नुसते कार्बन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी अल्टरनेटर गेला म्हणालं, तर तीन आकडे कागदावर लिहून मागा: बॅटरीवरचा व्होल्टेज, प्लसच्या तारेतली घट आणि अर्थमधली घट. ते मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका.