टाइमआउट म्हणजे ‘नाही’ नव्हे!

शनिवारची संध्याकाळ. सगळी दुनिया वीकएन्डच्या मूडमध्ये आणि अस्मादिक नांदेडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात, लॅपटॉपसमोर! काम तसं साधं होतं. कॉलेजचे बारा वर्षांचे मेल जुन्या सर्व्हरवरून मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर न्यायचे. ‘ग्राफ’ नावाचं एपीआय त्यासाठी आहेच. आपल्या प्रोग्रॅमनं खिडकीवर जायचं, ‘हा मेल ठेवून घ्या’ म्हणायचं, पावती घ्यायची, की पुढचा मेल. रविवारी पहाटेच्या एसटीनं लातूरला घरी जायचं, असा आपला प्लॅन.

सात वाजता स्क्रीनवर ‘पूर्ण’ आलं. जुना सर्व्हर कायमचा बंद करणार, तेवढ्यात बाबांचा फोन.

“झालं का काम?”

“झालं.”

“मोजलास का?”

बाबांना कम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण मोजायची सवय त्यांना 2016 च्या उन्हाळ्यानं लावली. त्या एप्रिलमध्ये मिरजहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, आठवतंय? पहिल्या खेपेला 10 वॅगन, प्रत्येकीत 50 हजार लिटर, म्हणजे 5 लाख लिटर. नंतर 50 वॅगनची गाडी, 25 लाख लिटर. तेव्हा आमच्या गल्लीत टँकर आला, की बाबा कॅलेंडरवर घागरी लिहायचे. ‘आलं’ म्हटल्यानं पाणी येत नसतं, मोजल्यावर येतं, हा त्यांचा सिद्धांत.

म्हटलं, चला, मोजू. आणि घाम फुटला. काही फोल्डरमध्ये मेल कमी, काहींमध्ये चक्क जास्त!

आधी जास्तीची भानगड. माझा प्रोग्रॅम उत्तरासाठी 60 सेकंद थांबायचा. उत्तर आलं नाही, की ‘टाइमआउट’ म्हणून तोच मेल परत पाठवायचा. पण बॉस, टाइमआउट म्हणजे ‘नाही’ नव्हे, ‘माहीत नाही’! मेल तिकडे पोचलेला असायचा, फक्त पावती वाटेत हरवायची. मग एकाचे दोन. उपाय सोपा होता. प्रत्येक मेलला स्वतःचा मेसेज-आयडी असतो. परत पाठवण्याआधी विचारायचं, ‘हा आयडी तुमच्याकडे आहे का?’ असेल तर पुढे चला.

आता कमीची भानगड. एका रिक्वेस्टला 4 एमबीची मर्यादा. अटॅचमेंट मात्र 3 एमबीच्या आतच हवी. हे कसं? फाइल मजकुराच्या रूपात पाठवताना दर 3 बाइटची 4 अक्षरं होतात. 3 एमबीचं सामान बांधलं, की गाठोडं 4 एमबीचं! त्याहून मोठे मेल दारातूनच परत येत होते. आणि मी आळसानं काय लिहून ठेवलं होतं? ‘एरर आली तर पुढचा मेल घे.’ ना यादी, ना नोंद.

हुकलेल्या मेलची यादी काढली. तिसऱ्याच ओळीवर एका रिटायर्ड सरांचं सर्व्हिस बुक, स्कॅन केलेलं, 9 एमबी. हेच सर दुपारी ऑफिसात येऊन गेले होते. पेन्शनची फाइल अडकलेली, मूळ कागद सापडत नव्हते. ऑफिसातले काका त्यांना म्हणाले होते, “सोमवारी या सर, नव्या मेलमध्ये शोधू.” मी सर्व्हर बंद केला असता, तर सोमवारी काय सापडलं असतं?

मग रात्रभर काम. मोठ्या फाइलसाठी ‘अपलोड सेशन’ असतं, 150 एमबीपर्यंत. फाइलचे 4 एमबीहून लहान तुकडे करायचे आणि क्रमानं पाठवायचे. तुकडा अडकला तर कुठपर्यंत पोचलं ते विचारायचं आणि तिथूनच पुढे सुरू करायचं. अगदी वॅगनमागून वॅगन! एका मेलबॉक्सवर एका वेळी चारच रिक्वेस्ट. घाई केली की 429 नंबरची एरर येते, ‘इतके सेकंद थांबा’ असं सांगते. सांगितलं तेवढं निमूट थांबायचं.

पहाटेची एसटी गेली. रविवारी दुपारी दोन्हीकडचे आकडे जुळले. सर्व्हिस बुक उघडून पानन्‌पान पाहिलं आणि काकांना प्रिंट दिली. सरांना त्यांनी तिथूनच फोन लावला.

मीही बाबांना लावला. रिंग वाजून वाजून बंद. येतो म्हणून आलो नाही, रागावले असणार... पण थांबा! टाइमआउट म्हणजे ‘नाही’ नव्हे. दहा मिनिटांनी परत लावला.

“अरे, पाणी भरायलो होतो,” बाबा म्हणाले. “मोजलास का?”

“मोजलं बाबा. एकही कमी नाही.”

“मग ये आता. दुपारची गाडी आहे की!”