गव्हाचं गिऱ्हाईक तुटलं तेव्हा



पेरणी, पाणी, फवारणी याच्या नोंदी आपण इथे नेहमी टाकतो. आजची नोंद जरा लांबची आहे, पण शेवटी आपल्याच खळ्यावर येऊन टेकते. म्हणून पूर्ण वाचा ही विनंती.

परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या मोठ्या लोकांचा विषय, शेतकऱ्याचा त्यात काय संबंध, असं आपण धरून चालतो. आपल्या मागण्या ठरलेल्या. हमीभाव द्या, वीज दिवसा द्या, विमा द्या. अमक्या देशाशी बोलणी करा, तिथे वकिलात उघडा, अशी मागणी घेऊन कुठला मोर्चा तहसीलवर गेलेला मी तरी पाहिला नाही. पण ऑस्ट्रेलियात गव्हाच्या शेतकऱ्यांना एकदा हा संबंध चांगलाच कळला होता. माझा पुतण्या तिकडे व्हिक्टोरिया राज्यात धान्य साठवणुकीच्या कामावर आहे. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून ऐकलेली गोष्ट त्याने फोनवर सांगितली. मग मीही चार ठिकाणी वाचून खात्री करून घेतली.

गोष्ट अशी. 1949 साली चीनमध्ये माओंचं सरकार आलं. आपल्या भारताने त्या सरकारला त्याच वर्षी 30 डिसेंबरला मान्यता दिली. ऑस्ट्रेलियाने दिली नाही. अमेरिकेप्रमाणे त्यांनीही चीनचं खरं सरकार म्हणजे तैवान बेटावरचं, असंच धरलं. 1966 मध्ये तर तैवानच्या तैपेईत त्यांनी वकिलातही उघडली.

पण 1960 च्या सुमारास चीनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसं लाखांनी मेली. चीनला बाहेरून धान्य घेणं भाग पडलं आणि त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाकडून गहू घ्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात तेव्हा गव्हाची निर्यात एकट्या गहू मंडळाच्या हातात होती. आपल्याकडे 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी होती, ती आठवा म्हणजे कल्पना येईल. माल मंडळाला घालायचा, उचल घ्यायची, बाकीचा हिशोब विक्री झाल्यावर. त्या मंडळाने चीनला उधारीवरसुद्धा गहू दिला आणि चीनने पैसे वेळेवर चुकते केले. होता होता चीन हेच त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झालं.

आता यातली गंमत बघा. एकीकडे चीनचा धोका आहे म्हणून सरकार व्हिएतनामच्या लढाईत पोरं पाठवत होतं. वीस वर्षांच्या पोरांच्या चिठ्ठ्या काढून सक्तीची भरती चालली होती. दुसरीकडे त्याच चीनला बोटी भरभरून गहू जात होता. ज्या सरकारला आपण सरकार मानतच नाही, त्याचे पैसे मात्र चालत होते. दहा वर्षं हे असंच निभलं. व्यवहार वेगळा आणि राजकारण वेगळं, असं सगळ्यांनी मनाला समजावलं होतं.

मग दोन गोष्टी एकावर एक आल्या. 1968-69 च्या हंगामात ऑस्ट्रेलियात गव्हाचं विक्रमी पीक आलं. गोदामं भरली, ठेवायला जागा नाही. म्हणून पुढच्या हंगामापासून प्रत्येकाला कोटा लावला, एवढाच गहू मंडळाला घालायचा. वरचा गहू घरी ठेवा, नाहीतर जनावरांना घाला. आणि इकडे 13 ऑक्टोबर 1970 ला कॅनडाने चीनला मान्यता दिली. 1971 मध्ये चीनने ऑस्ट्रेलियाशी नवा सौदा केला नाही. कॅनडाचा गहू मात्र चालू राहिला.

कोठारं तुडुंब आणि सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवलेली. भाऊ, ज्याने चाळीतला कांदा कोंब धरताना पाहिला आहे त्याला हे वेगळं समजवायला नको.

तिथे सरकारात दोन पक्ष होते, लिबरल आणि कंट्री पार्टी. कंट्री पार्टी हा शेतकऱ्यांचाच पक्ष. व्यापार आणि शेती ही खाती वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. पण गव्हासाठी परराष्ट्र धोरण बदलणार नाही, असाच त्यांच्या पुढाऱ्यांचा सूर राहिला. त्यांच्या बाजूनेही विचार करायला हवा. आज गव्हासाठी धोरण बदललं, तर उद्या लोकरीसाठी बदलायचं का, हा प्रश्न खोटा नव्हता. गिऱ्हाईक जे म्हणेल ते ऐकायचं, तर मग आपलं असं काय राहिलं? पण खळ्यावर गहू पडून आहे त्याला या उत्तराचा काय उपयोग, हाही प्रश्न तितकाच खरा.

तिथला विरोधी पक्ष म्हणजे लेबर पार्टी. 1949 पासून सत्तेबाहेर. चीनला मान्यता द्या ही त्यांची मागणी 1955 पासूनची, म्हणजे गव्हाचा सौदा सुरू व्हायच्याही आधीची. हे मला महत्त्वाचं वाटतं. गहू अडला म्हणून त्यांना चीन आठवला असं नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या सरकारला नाही म्हणून ते नाहीसं होत नाही, हे ते आधीपासून सांगत होते. गहू अडल्यावर लोक ऐकायला लागले, एवढाच फरक.

त्यांचे नेते गॉफ व्हिटलम यांनी एप्रिल 1971 मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांना तार केली, आम्हाला येऊ द्या. मे महिन्यात होकार आला. जुलैमध्ये शिष्टमंडळ पेकिंगला गेलं. त्यात रेक्स पॅटरसन हे शेती अर्थशास्त्राचे जाणकार खासदारही होते, ऊस पिकवणाऱ्या भागातून निवडून आलेले. म्हणजे बोलणी करायला जाताना शेतीतला माणूस सोबत नेला होता. आपल्याकडच्या शिष्टमंडळांनी घेण्यासारखी गोष्ट आहे.

5 जुलैच्या रात्री चाऊ आणि व्हिटलम यांची बैठक झाली, तीही पत्रकारांच्या समोर. देशात टीका सुरू झाली. पंतप्रधान मॅकमहन जाहीर भाषणात म्हणाले, की चाऊ यांनी व्हिटलमना गळाला लागलेल्या माशासारखं खेळवलं. पण तीन-चार दिवसांतच, 15 जुलैला, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी जाहीर केलं की मी स्वतः पेकिंगला जाणार आहे. त्यांचे सल्लागार किसिंजर तर त्याच जुलैत गुपचूप तिथे जाऊनही आले होते. ज्याच्या भरवशावर हसत होते, त्यानेच वाट बदलली.

2 डिसेंबर 1972 ला निवडणूक झाली. तिकडे तो ऐन गहू काढणीचा हंगाम. लेबर पार्टी जिंकली आणि 21 डिसेंबरला ऑस्ट्रेलियाने चीनला मान्यता दिली. त्याची किंमतही मोजावी लागली, तैपेईची वकिलात बंद करावी लागली. 1973 मध्ये व्यापार करार झाला आणि गव्हाचा तीन वर्षांचा करारही झाला. शिष्टमंडळात चीनचे जाणकार म्हणून गेलेले स्टीफन फिट्झगेराल्ड हेच पेकिंगमधले त्यांचे पहिले राजदूत झाले.

इथे गोष्ट संपवली तर ती फार गोड होईल. म्हणून पुढचंही सांगतो. मान्यता म्हणजे मैत्रीचा दाखला नाही. आपण 1949 मध्येच मान्यता दिली, तरी 1962 टळलं नाही. आणि ऑस्ट्रेलियाचंच बघा. करोनाची सुरुवात कशी झाली याची चौकशी करा, असं त्यांच्या सरकारने 2020 मध्ये म्हटलं. दोन्ही देशांत कडवटपणा आला आणि मे महिन्यात चीनने त्यांच्या सातूवर 80.5 टक्के कर बसवला. वकिलात होती, करार होता, तरीही. तो कर निघायला ऑगस्ट 2023 उजाडला. मधल्या काळात त्यांनी सातू दुसऱ्या देशांत विकला म्हणून निभावलं.

आता आपलं. डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा माझा लाल कांदा नुकताच निघाला होता. चार-सहा दिवसांत भाव निम्म्यावर आला. व्यापारी म्हणाला, माल बांगलादेशला जायचा होता, बॉर्डरवर गाड्या अडकल्यात. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. तेही पुढे कमी होत 1 एप्रिल 2025 ला गेलं. तोवर त्या गिऱ्हाइकाने दुसरी दुकानं बघून ठेवली आणि स्वतःच्या शेतातला कांदाही वाढवला. ऑस्ट्रेलियात गिऱ्हाइकाने दार बंद केलं होतं. इथे दार आपल्याच बाजूने बंद झालं. शेतकऱ्याच्या हातात दोन्हीकडे सारखंच आलं.

शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे, हे मला मान्य आहे. शेजारच्या देशाशी कसं वागायचं हे फक्त कांद्यावरून ठरवू नये, हेही मान्य. पण निर्णय घेताना त्या टेबलावर कांद्याच्या बाजूने बोलणारा एक तरी माणूस असावा की नाही? ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांचा म्हणवणारा पक्ष सत्तेत होता आणि गप्प होता. बोलायला बाहेरचा लागला. विरोधी पक्षाचं काम नुसतं सभागृहात ओरडायचं नसतं. सरकार ज्या दाराकडे बघत नाही, ते दार ठोठावून यायचं, हेसुद्धा त्याचंच काम आहे. मी कुठल्या पक्षाचा नाही. आज विरोधात आहेत त्यांनाही हे सांगणं आहे आणि उद्या जे विरोधात बसतील त्यांनाही.

आपल्यापुरत्या दोन गोष्टी मी सुरू केल्यात. एक, माल दिल्यावर व्यापाऱ्याला विचारतो, हा कुठल्या देशात चालला? वहीत भावाशेजारी देशाचं नाव लिहितो. दोन, सगळा कांदा एकाच बाजारपेठेच्या भरवशावर धरत नाही. थोडा बियाण्याला, थोडा देशातल्या व्यापाऱ्याला. नफा थोडा कमी होतो, पण झोप लागते.

आणि मतं मागायला येतील तेव्हा, सत्तेतला असो की विरोधातला, एक प्रश्न विचारायचा ठरवलंय. माझ्या मालाचं गिऱ्हाईक कुठल्या देशात आहे हे तुम्हाला माहीत आहे का, आणि त्या देशाशी तुमच्या पक्षाचं काय बोलणं चाललंय?

संत्रा, द्राक्ष, केळी, डाळिंबवाल्या मंडळींनी आपापला माल कुठे जातो ते जरूर लिहा. कृषी खात्यातली, विद्यापीठातली जाणकार मंडळीही आपल्या पेजवर आहेत. एका देशावर अवलंबून न राहता दुसरी बाजारपेठ धरायला कुठलं वाण, काय प्रतवारी लागते, ते त्यांनी सांगितलं तर सगळ्यांचाच फायदा होईल.

जय जवान, जय किसान.