घोडीचे नाव

दिवाळीच्या आधी माळा आवरायचा हा आमच्या अकोल्याच्या घरातला जुना दंडक आहे. माळ्यावर चढलेला माणूस काय घेऊन खाली उतरेल याचा नेम नसतो. यंदा माझ्या वाट्याला आजोबांची पत्र्याची ट्रंक आली. त्याच सुमारास धाकट्या चुलतभावाने आमच्या घराण्याची वंशावळ छापायचे मनावर घेतले होते, आणि नावे जुळवण्याचे काम, घरातला एकमेव रिकामा म्हातारा म्हणून, माझ्या गळ्यात घातले होते. ट्रंकेत जुने कागद असतील म्हणून ती उघडली, तो तिच्यातून निघाले घोडे!

आमचे आजोबा सलोत्री होते. हल्लीच्या मुलांना हा शब्द सांगावा लागतो. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. शालिहोत्र ऋषींचे नाव लोकांच्या तोंडी झिजत झिजत असे झाले. १८८६ साली मुंबईत परळला गुरांच्या वैद्यकाचे कॉलेज निघाले. तिथे शिकून आजोबा पहिल्या नोकरीला नगर जिल्ह्यात गेले, आणि सरकारी वळू घोड्यांच्या पागेवर त्यांची नेमणूक झाली. चार वर्षांनी ते वऱ्हाडात परतले आणि डिस्ट्रिक्ट बोर्डाच्या गुरांच्या दवाखान्यात रुजू झाले. पुढची तीस वर्षे त्यांनी बैलांचे खूर आणि म्हशींची कास पाहिली. पण गोष्टी सांगायला बसले की त्या घोड्यांच्याच सांगत.

ट्रंकेत वरच एक छापील इंग्रजी कागद होता. कडा कसरीने खाल्लेल्या. विलायतेत नावाजलेल्या वळू घोड्याची जाहिरात कशी करतात त्याचा तो नमुना असावा. घोड्याचा रंग, उंची, जिंकलेल्या शर्यती. त्याचा बाप, बापाचा बाप, असे करीत थेट त्या अरबी पूर्वजापर्यंत गेलेली मालिका. मग घोडी आणणाऱ्याने मोजायच्या गिनी, आणि शेवटी, बारीक अक्षरात, मोतद्दाराचे शिलिंग वेगळे! ही शेवटची ओळ वाचून मला हसू आले. लग्नपत्रिकेत न्हाव्याचे मानधनही छापावे, तसा तो प्रकार.

थरोब्रेड म्हणतात ती ही जात. जगातला प्रत्येक थरोब्रेड घोडा बापाच्या बाजूने पूर्वेकडून इंग्लंडात नेलेल्या तीन घोड्यांपैकी एकापाशी जाऊन पोचतो. त्यांपैकी डार्ली अरेबियन हा घोडा १७०४ साली सिरियातल्या अलेप्पो शहरातून गेला. १७६४ सालच्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेला, म्हणून एक्लिप्स हे नाव पडलेला विख्यात घोडा त्याच्याच वंशातला. आपल्या पूर्वेकडचेच रक्त विलायतेला गेले आणि शेदोनशे वर्षांनी गिनीचा भाव लावून आपल्याकडे परत आले, असे आजोबा म्हणत. कापसाचे तरी दुसरे काय होत होते? वऱ्हाडचा कापूस बोटीत चढे आणि धोतरजोड्या होऊन उतरे.

कंपनी सरकारला घोड्यांची चणचण पहिल्यापासूनच होती. बिहारात पुशाला त्यांनी मोठी पागा काढली. तिचा अधिकारी मूरक्रॉफ्ट हा चांगल्या वळूंच्या शोधात थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि १८२५ साली त्याच वाटेवर परमुलखात मेला. पुढे १८७० नंतरच्या दशकात या मोठ्या पागा खर्चाला झेपेनात म्हणून मोडल्या. मग नवी युक्ती निघाली. वळू सरकारने पाळायचा, घोडी शेतकऱ्याने. इंग्रजी थरोब्रेड, अरब, नॉरफोक ट्रॉटर असे घोडे जिल्ह्याजिल्ह्यांतून ठेवले. साहेबाने घोडी तपासून पसंत केली की तिच्या अंगावर डाग द्यायचा. डाग असलेल्या घोडीला सरकारी वळू फुकट. ना गिनी, ना शिलिंग. अपेक्षा एवढीच, की शिंगरू मोठे झाले म्हणजे फौजेच्या उपयोगी पडावे. खेचरे हवीत म्हणून इटलीहून आणलेली थोराड गाढवेही याच कामावर होती. पण घोडी गाढवाकडे न्यायला आपला शेतकरी फार नाखूष असे. त्याचे म्हणणे रास्त होते. पोरगी द्यायची तर घर बघून द्यावी.

आजोबांच्या पागेत एक थरोब्रेड होता. त्याला सकाळ-संध्याकाळ खरारा, हरभऱ्याचा तोबरा, थंडीत झूल, उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा. त्याचा मोतद्दार रात्री त्याच्याच ठाणापाशी निजे. बाहेर पिंपळाखाली दहा-दहा कोस चालून आलेले शेतकरी भाकरी सोडून बसलेले असत आणि त्यांच्या घोड्या कडबा चघळीत उभ्या असत. त्या भीमथडीच्या घोड्या: बुटक्या, काटक, मराठ्यांच्या फौजा ज्यांच्या पाठीवर हिंदुस्थानभर फिरल्या त्या जातीच्या. नोंदवहीत वळूचे नाव, त्याच्या बापाचे नाव, आईचे नाव असा सगळा थाट असे. घोडीच्या रकान्यात नुसता डागाचा तपशील, रंग आणि मालकाचे नाव.

आजोबांना हे खटकले असावे. कारण ट्रंकेत त्यांची स्वतःची एक जाड वही निघाली. तिच्यात त्यांनी घोड्यांचेच खाते मांडले आहे. रकाने असे: नाव, रंग, भोवरे, आई, आईची आई, गाव. शेतकऱ्याला खोदून खोदून विचारून भरलेले. ‘हरणी. कुमैत. गळ्याला देवमण. आई मैना, आईची आई राणी.’ ‘तांबडी. डोळ्याखाली आसूढाळ, म्हणून स्वस्तात घेतली. खोड कसलीच नाही.’ अशी पानेच्या पाने.

पुढे कळले की विलायतेतही हीच रीत आहे. थरोब्रेड घोड्यांची जी मूळ वंशावळ १७९१ साली निघाली, तिची मांडणी घोड्यांवर नाही, घोड्यांच्या आयांवर आहे. एकेका घोडीचे नाव, आणि खाली तिला झालेली शिंगरे. तीच पद्धत पुढेही चालली. शंभरेक वर्षांनी ब्रूस लो नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने या सगळ्या घोड्या मागे मागे नेत मूळच्या त्रेचाळीस आद्य माता ठरवल्या आणि त्यांना क्रमांक दिले. १८९५ साली त्याचे पुस्तक आले तेव्हा तो हयात नव्हता. ही यादी मी मुद्दाम मिळवून वाचली. बहुतेकींना स्वतःचे नावच नाही! पहिलीची ओळख मालकाच्या नावावर, दुसरीचीही तशीच. आणि तिसरी नुसती ‘दोन ट्रू ब्लूंची आई’. ट्रू ब्लू नावाचे तिचे दोन लेक, थोरला आणि धाकटा. लेकांची नावे राहिली, हिचे गेले. तरी हिच्या पोटचा वंश आज साऱ्या जगाच्या शर्यतींत धावतो आहे.

वहीत शेवटी चंद्रीचे पान आहे. चंद्री ही आजोबांनी नगरकडे विकत घेतलेली घोडी; कपाळावर चांद म्हणून चंद्री. नोकरी सोडताना तिच्या पोटात त्या थरोब्रेडचे शिंगरू होते. आजोबा तिला चालवत औरंगाबाद, जालना, देऊळगाव राजा, चिखली, खामगाव या वाटेने घरी घेऊन आले. रोज चार-पाच कोस, गाभणी म्हणून त्याहून जास्त नाही. वाटेत स्वतः एकदाही तिच्या पाठीवर बसले नाहीत, हे सांगताना म्हातारपणीही त्यांची मान ताठ होई.

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी तिला वछेरा झाला. गाव पाहायला लोटला. तांबूस रंग, रेशमासारखी कातडी, आणि पाय! आजी म्हणे की नुसते पायच जन्माला आले. पण आमचा मुलूख पूर्णाकाठचा, खारपाणाचा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. चंद्री ते पिई, वछेरा हुंगून मान फिरवी. त्याच्यासाठी नदीचे पाणी कावडीने यायचे. श्रावणात काळी जमीन फुलली की माणसाची वहाण सुटत नाही; त्या चिखलात हे लांबलचक बारीक पाय रुतत आणि तो भिऊन थरथरत उभा राही. माशा बसल्या तरी त्याची कातडी सुजे. हरभरा इतका खाई की आजोबांच्या पगारातला मोठा घास त्याच्या तोबऱ्यात जाऊ लागला. वऱ्हाडात घोड्याला काम तरी काय? कापूस बाजाराला जातो तो बैलगाडीने, पाटील लग्नाला जातो तो दमणीने, आणि शर्यत म्हणाल तर शंकरपट, तोही बैलांचाच. फार तर वसुलीच्या कामाला रव्हाल चालणारे एखादे तट्टू. आमचे चिरंजीव रव्हाल चालत नसत. पळत तरी, नाहीतर उभे राहत.

अचलपूरच्या छावणीत एके काळी हैदराबाद कंटिन्जंटचे शिलेदार असत. त्यांनी असा घोडा हौसेने घेतला असता. पण १९०३ साली ती फौजच इंग्रजी सैन्यात विरली. आजोबांनी त्याला एका यात्रेच्या बाजारात फौजेच्या साहेबाला दाखवला. साहेबाने छाती अरुंद म्हणून नापसंत केला. तोपर्यंत इकडच्या पलटणींची खोगिरे ऑस्ट्रेलियातल्या घोड्यांवर चढत होती. न्यू साउथ वेल्सहून येत म्हणून त्यांना वेलर म्हणत. त्या दूरदेशी मोकळी कुरणे होती, तिथे थरोब्रेड वळूचे रक्त फळले. इथे शेतकऱ्याच्या दारात त्याला उभे राहायला जागा नव्हती. सरकारला हवा होता फौजेचा घोडा, आणि वाढवायचा होता तो पाच एकरवाल्याच्या कडब्यावर! शेवटी तो अमरावतीच्या एका कापूस दलालाच्या बग्गीला गेला. चंद्री मात्र राहिली. तिला पुढे साध्या गावठी घोड्यापासून तीन वछेऱ्या झाल्या, खारे पाणी पिणाऱ्या.

चंद्रीच्या पानावर आजोबांनी लिहिले आहे: आई सोनी, आईची आई बिजली, तिची आई ‘शिरूरच्या बाजारातली ढवळी’. चार पिढ्या! आणि शेजारी, टेबलावर, चुलतभावाने पाठवलेला वंशावळीचा कच्चा खर्डा पडला होता. नऊ पिढ्या. एकाखाली एक पुरुष. बाई एकही नाही.

चार पिढ्यांच्या घोड्या ज्याने लिहून ठेवल्या, त्याने आपल्या बायकोचे माहेरचे नाव कुठे लिहिले आहे का म्हणून मी सारी ट्रंक पालथी घातली. आजीला आमच्या घरात लक्ष्मी म्हणत; पण ते नाव लग्नात परातीतल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले. त्याआधीची दहा-अकरा वर्षे ती कोणीतरी दुसरीच होती. मी पाच वर्षांचा असताना ती गेली. कागदपत्रांत एका ठिकाणी ‘घरचे आजारी, औषध दोन आणे’ अशी नोंद आहे. ती बहुधा तिचीच. आजोबांचा मला राग आला नाही असे नाही. फार प्रेमाचा माणूस. आजीचा डोळा दुखला तर रात्र जागवणारा. पण रकाना पाडायचे त्यांना सुचले नाही, आणि सत्तर वर्षे मलाही सुचले नव्हते.

अमरावतीला आमची आत्या आहे. आजोबांचे शेंडेफळ, नव्वदी ओलांडली आहे, कान शाबूत. तिला फोन केला.

“आत्या, आजीचं माहेरचं नाव काय होतं वं?”

“कायले पायजे तुले आता?”

“वंशावळीत लिवाले.”

“बायाइचे नावं कोन लिवते बापू वंशावळीत?”

“मी लिवतो.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले फोन बंद पडला. मग ती म्हणाली, “अंजनगावचा मामा ये न दिवाळीले, तो ठकी म्हने तिले. बाबासमोर नाही. सैपाकघरात, चुलीपाशी बसून. थे हासे तवा.”

“आन् तिच्या मायचं नाव?”

“थे कोनाले मालूम? मामाचं नाव गनपत. सारे गनपतची मायच म्हनत.”

आजोबांच्या वहीत चंद्रीनंतरचे पान कोरे होते. रकाने त्यांनीच आखून ठेवलेले. मी पेन्सिल घेतली आणि लिहिले: ठकी. आई, गणपतची माय. गाव अंजनगाव सुर्जी. आईच्या आईचा रकाना तसाच ठेवला, आणि खर्डा चुलतभावाकडे परत पाठवला नाही.