गोदातीराने नाथसागराकडे

महाराष्ट्राला लांबलचक समुद्रकिनारा लाभला आहे. बीड जिल्ह्याच्या वाट्याला मात्र त्यातील हातभरही आलेला नाही. या जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे. येथील माणसाला क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी पाहावयाचे असेल, तर त्याने याच नदीच्या काठाने वर, पैठणच्या नाथसागराकडे जावे. सकाळी निघून सूर्यास्तापूर्वी घरी परतता यावे, एवढेच हे अंतर आहे.

बीडमधील एका कापड व्यापाऱ्याचे कुटुंब हिवाळ्यातील एका सकाळी असेच निघाले. दिवाळीचा हंगाम आटोपला होता, दुकानाला सुटी होती आणि दोन्ही नातवंडांनी समुद्राचा हट्ट धरला होता. कोकण एका दिवसात होण्यासारखे नव्हते, म्हणून पैठण ठरले. मुनिसुव्रतनाथ भगवंतांचे दर्शन घडणार म्हणून आजी आनंदाने तयार झाल्या. धरणाचे नाव निघाले तेव्हा मात्र त्या गप्प राहिल्या. पंचाहत्तरी गाठलेल्या या आजींचे माहेर म्हणजे नेवासे तालुक्यातील एक लहानसे खेडे. तेथे त्यांच्या वडिलांचे किराणा दुकान होते. लग्न होऊन त्या बीडला आल्या आणि पुढे काही वर्षांतच ते खेडे धरणाच्या पाण्याखाली गेले. पैठणला त्या अनेकदा आल्या होत्या; पण दर्शन झाले की परत फिरत. त्या पाण्याच्या काठी त्या एकदाही उभ्या राहिल्या नव्हत्या.

दशम्या, मेथीचे ठेपले, कोरडी चटणी आणि गाळलेल्या पाण्याचा मोठा जार घेऊन गाडी सोलापूर-धुळे महामार्गाला लागली. गेवराई तालुक्यातच गोदाकाठी राक्षसभुवन आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला, तो याच ठिकाणी. शहागडजवळ पूल ओलांडला की बीड जिल्हा मागे पडतो आणि विहामांडव्यावरून पैठणकडे जाणारा रस्ता सुरू होतो. नदी कधी जवळ येते, कधी उसाच्या फडांआड दिसेनाशी होते. कापसाची वेचणी चालू होती. वाटेत आपेगावचा फाटा लागतो. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे हे गाव.

हा प्रदेश समुद्रापासून दूर असला, तरी समुद्राशी त्याचा व्यवहार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नोंद आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. भडोचच्या बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तगर पूर्वेला आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असे तो सांगतो. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून बंदराकडे जात असे. तेर आणि पैठण यांच्या मधोमध आजचा बीड जिल्हा आहे. कापडाच्या पेढीवर तिसरी पिढी बसलेल्या घराला ही नोंद परकी वाटण्याचे कारण नाही.

पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. जैन परंपरेतही या नगरीला मोठे स्थान आहे. संवत्सरी भाद्रपद शुद्ध पंचमीऐवजी चतुर्थीला करण्याचा निर्णय कालकाचार्यांनी सातवाहन राजाच्या विनंतीवरून येथेच घेतला, अशी श्वेतांबर परंपरेतील कथा आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात प्रतिष्ठानाचे वर्णन केले आणि येथील मुनिसुव्रतस्वामींच्या प्रतिमेचाही उल्लेख केला. आजच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रातील विसाव्या तीर्थंकरांची प्रतिमा कृष्णवर्णी आणि वालुकामय आहे. अमावास्येला, त्यातही शनी अमावास्येला, येथे भाविकांची मोठी गर्दी होते. इतर दिवशी मंदिर शांत असते. आजी बराच वेळ हात जोडून बसल्या होत्या.

पुढे पैठणीच्या मागापाशी सारे थांबले. विणकराची बोटे मोराच्या पिसाऱ्यात एकेक रंगीत धागा गुंफत होती. आजींनी तरुणपणीच रेशमाचा त्याग केला आहे. त्यांनी वस्त्राला हात लावला नाही. पण विणकराच्या हाताचे मात्र मनापासून कौतुक केले.

संत एकनाथांच्या वाड्यात मुलांना कावडीची कथा ऐकावयास मिळाली. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेले गंगाजल नाथांनी वाटेत उन्हात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घातले. जीवदयेचे संस्कार ज्या घरात रोजच्या पाण्याच्या भांड्यापासून सुरू होतात, त्या घरातील मुलांना ती कथा वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

दुपारी गाडी नाथसागराकडे वळली. ‘मी गाडीत बसते,’ असे आजी म्हणाल्या. धाकट्या नातीने त्यांचा हात सोडला नाही, म्हणून त्या उतरल्या.

समोर केवळ पाणी होते. पैलतीर दिसत नव्हता. वाऱ्याने लहान लाटा उठून काठावरच्या दगडांवर फुटत होत्या आणि दूर उथळ पाण्यात पक्ष्यांचे थवे उतरले होते. या जलाशयाला 1986 मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब असून तिला 27 दरवाजे आहेत. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 मध्ये पायाभरणी आणि इंदिरा गांधींच्या हस्ते 1976 मध्ये उद्घाटन झाले. हे धरण मुळात बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ व्हावयाचे होते. पुढे जागा बदलून ते शंभराहून अधिक किलोमीटर वर पैठणला बांधले गेले. नाव मात्र जायकवाडीच राहिले. त्यासाठी शंभराहून अधिक गावे उठली.

‘नेवासे कोणत्या बाजूला?’ आजींनी विचारले. मुलाने मोबाइलवरील नकाशा पाहून पश्चिमेकडे बोट दाखविले. तिकडे पाण्यावर ऊन चमकत होते, इतकेच. आजी पदर सावरून पाहत राहिल्या. मग नातीला सांगू लागल्या. गावात एकच आड होता. चैत्र लागला की त्याचा तळ दिसे आणि पोहरा खरवडत वर येई. पाणी गाळून झाले की गाळण्यातली जिवाणी त्याच आडात अलगद परत सोडावयाची. ज्या पाणवठ्याचे जीव, त्याच पाणवठ्याला. ते काम लहानपणी त्यांच्याकडे असे.

‘आता त्या आडाला पाणीच पाणी,’ त्या म्हणाल्या आणि किंचित हसल्या. डोळे मात्र त्यांनी पुसले.

काठावरच्या झाडाखाली डबे उघडले गेले. जेवताना मुलाने आईला पाण्याचा पुढला प्रवास सांगितला. धरणाचा उजवा कालवा 132 किलोमीटर वाहत माजलगावच्या धरणाला मिळतो. सिंदफणेच्या पाण्यात हे पाणी मिसळते आणि त्याच धरणातून बीड शहराची तहान भागते. आजींचा घास हातातच राहिला. एवढी वर्षे घरातला हंडा कोठल्या पाण्याने भरतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ‘म्हणजे या जारमधलं पाणीही इथलंच?’ त्यांनी विचारले. ‘थोडंफार इथलंच,’ मुलगा म्हणाला.

व्यापाऱ्याच्या घरात जमा आणि नावे यांचा मेळ रोज रात्री घातला जातो. या हिशेबात एका बाजूला बुडालेले अंगण आणि दुसऱ्या बाजूला भरलेला हंडा आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही. दुष्काळी वर्षांत याच जलाशयाचा उपयुक्त साठा शून्यावर येतो, तेव्हा त्या हंड्याची किंमत अधिक कळते.

सूर्यास्तापूर्वीचे भोजन घरी व्हावे म्हणून वेळेत परतीला निघणे झाले. गेवराई परिसरात कालवा लागला तेव्हा आजींनी गाडी थांबवावयास सांगितली. पाणी संथपणे बीडच्या दिशेने चालले होते. जारमध्ये उरलेले पाणी मुले हात धुण्यासाठी ओतू लागली, तेव्हा त्यांनी हात धरला.

‘सांडू नका रे,’ त्या म्हणाल्या, ‘माझ्या माहेरचं आहे.’