सत्तावीस पानांतलं आठवं पान

२०२५च्या मे महिन्यात हिंगोलीकडच्या औंढ्याहून काकांचा फोन आला. देशातले ३२ विमानतळ १५ मेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत बंद, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. "साडेपाच का नाही गं? एका मिनिटाचा काय हिशेब?" वैमानिकांसाठीच्या अशा सूचना जगभर ग्रीनिचच्या वेळेत लिहितात. तिथं १४ मेचे २३ वाजून ५९ मिनिटं झाली, की आपल्याकडं पाच एकोणतीस. त्या आठवड्यात टीव्हीनं या सूचनांचं ‘नोटॅम’ हे नाव घराघरांत पोचवलं. मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. रोज नोटॅम वाचायचे आणि त्यातून वैमानिकाच्या कामाचं काढून द्यायचं, ही माझी नोकरी.

धावपट्टी बंद, दिवे नादुरुस्त, क्रेन उभी, चाचणीसाठी आकाशाचा तुकडा राखून ठेवलेला. असा छापील नकाशात नसलेला बदल नोटॅमनं कळवतात. आपल्याकडं ते भारतीय विमानतळ प्राधिकरण काढतं. जगभरात वर्षाला दहा लाखांहून जास्त निघतात. भाषा अजून टेलिप्रिंटरच्या काळातली: सगळी कॅपिटल अक्षरं, तोडलेले शब्द, दहा आकडी तारीख-वेळ. निघायचा विमानतळ, उतरायचा, पर्यायी आणि वाटेतलं आकाश, सगळ्यांचे नोटॅम एकाखाली एक येतात. कडेचं गवत कापणं आणि धावपट्टी बंद असणं, दोन्ही एकाच टायपात.

याचं काय होऊ शकतं, ते ७ जुलै २०१७च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला दिसलं. टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं ७५९ हे विमान उतरत होतं. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावी त्या रात्री बंद होती, तिचे दिवे मालवलेले. वैमानिकांच्या डोक्यात मात्र दोन धावपट्ट्या होत्या. त्यांनी उजवीला डावी समजलं आणि पलीकडच्या टॅक्सीवेला उजवी. त्या टॅक्सीवेवर प्रवाशांनी भरलेली चार विमानं उड्डाणाची वाट पाहत रांगेत उभी होती. एअर कॅनडाचं विमान जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत खाली आलं आणि तिथून वर उचललं गेलं. धावपट्टी बंद असल्याचा नोटॅम त्यांच्या कागदांत होता, २७ पानांपैकी आठव्या पानावर. ‘नवीन’ अशी लाल खूणसुद्धा होती. तरी ऐनवेळी दोघांपैकी एकालाही तो आठवला नाही.

यावर ‘नीट वाचायला काय झालं होतं?’ असं म्हणणारे मला अजून भेटतात. मला ते पटत नाही. अमेरिकेच्या तपास मंडळानंही या माहितीच्या मांडणीवर बोट ठेवलं. ‘नवीन’ हे ‘महत्त्वाचं’ नव्हे. आणि उड्डाणापूर्वीच्या थोड्या वेळात सत्तावीस पानांतून एक ओळ वेचून मध्यरात्रीपर्यंत ध्यानात ठेवायची, हे काम माणसावर टाकणंच गैर आहे.

ढीग वाढतो त्याचं कारण साधं आहे. नोटॅम काढला की काढणाऱ्याची जबाबदारी सुटते. काढला नाही तर तो अडकतो. जुना रद्द करायचा राहिला, तर सहसा कुणी जाब विचारत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणारी माहिती नोटॅममध्ये ठेवू नये, तिच्यासाठी वेगळी पुरवणी असते, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तरी शिळ्या नोटॅमविरुद्ध आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला २०२१मध्ये मोहीम काढावी लागली.

प्रत्येक नोटॅमच्या वरच्या ओळीत पाच अक्षरी संकेत असतो. ‘क्यूएमआरएलसी’ म्हणजे धावपट्टी बंद. त्यावरून संगणक चाळणी लावतो, आणि ती मला हवीच आहे. पण वजन त्याला कळत नाही. आपल्या हिंगोलीला जवळचा विमानतळ नांदेडचा. तिथं धावपट्टी एकच, त्यामुळं ती बंद म्हणजे विमानतळच बंद. अशा छोट्या विमानतळांवर कामकाजाच्या वेळा ठरलेल्या असतात. विमानाला उशीर होणार असेल तर मुदतवाढ आधी मागावी लागते. तेव्हा संध्याकाळच्या फेरीत वेळेचा तो किरकोळ दिसणारा नोटॅम मी सगळ्यात वर आणते. उलट मुंबईचं पाहा. पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीसाठी १७ ऑक्टोबर २०२३ला आणि २०२४लाही त्याच तारखेला दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद होत्या. विमान कंपन्यांना सहा महिने आधी कळवलेलं असल्यानं वेळापत्रकं आधीच बदललेली. धोका उरतो तो त्या दुपारी मुंबई ‘पर्यायी’ म्हणून धरणाऱ्या दुसऱ्याच विमानाला.

म्हणून पहिल्या पानावर मी चार-पाच ओळी साध्या वाक्यांत लिहिते: काय बंद, आपल्या घड्याळानं किती वाजल्यापासून, आणि तुमच्या या फेरीत त्यामुळं काय बदलणार. उतरण्याच्या धावपट्टीशी संबंधित ओळ असली, तर कॅप्टनना फोनही करते. बाकीची पानं मागं असतातच.

पण ढीग कमी करणं माझ्या टेबलावर होणार नाही. क्रेन उतरली की त्याच संध्याकाळी तिचा नोटॅम रद्द करणारा माणूस प्रत्येक विमानतळावर नेमलेला असावा, आणि रद्द न केलेल्या नोटॅमबद्दल त्याला विचारणा व्हावी. ही मागणी मी प्रत्येक सुरक्षा बैठकीत मांडते आणि मांडत राहणार आहे.